मेविसने धरलेला हात

सिरिलचा हात ब्रॅनफर्थच्या चौकात बसवलाय, हे मला आमच्या जॅनिसने सांगितलं तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. तिला ते फोनवर कुठेतरी दिसलं होतं.

"आई, ते पुतळे उभे राहिले एकदाचे," ती म्हणाली. "रेल्वेच्या कारखान्यातून सुटून घरी निघालेली माणसं. सात जण आहेत. बाबांचा हात त्यातल्या कुणाला लावलाय, कोण जाणे."

लावलाय म्हणाली. दाराला कडी लावावी तसा.

पण तिचं चूक नव्हतं. ते काम तसंच ठरलं होतं. सिरिल गेला त्याच्या आदल्या वर्षी एक तरुण शिल्पकार बाई आमच्या रेल्वेवाल्यांच्या क्लबात आली होती. कारखाना बंद पडून इतकी वर्षं झाली, आता त्याची काहीतरी आठवण हवी, असं नगरपालिकेला उशिरा का होईना सुचलं होतं. बाईने सांगितलं, मला कुणा एकाचा पुतळा करायचा नाही. एकाचं डोकं, दुसऱ्याचे खांदे, तिसऱ्याचे हात, असं सगळ्यांचं थोडं थोडं घेऊन सात माणसं करायची आहेत. म्हाताऱ्यांनी खूप हसून घेतलं. कोणी म्हणालं, माझे गुडघे तेवढे घेऊन जा, परत नाही दिले तरी चालतील. सिरिलचे हात तिला आवडले. तिने त्यातला उजवा मागितला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मनगटावरच्या केसांत प्लास्टर अडकलेलं होतं. मी त्याला खुणेने विचारलं, कसं होतं?

थंड, त्याने खुणेने सांगितलं. आणि बाई फार बोलते.

हात कसा धरलास?

तो हसला आणि दोन्ही हात खिशात घातले. हात खिशात घातले की आमच्या घरात बोलणं संपायचं.

सिरिल बहिरा होता हे सांगायला हवं. जन्माचा नव्हे. पंधराव्या वर्षी तो बॉयलरच्या शेडमध्ये लागला. आमच्याकडे कारखान्यात नोकरीला असलेल्या माणसाला 'आत आहे' म्हणत. एकदा चर्चमध्ये नवीन आलेल्या पाद्र्याने मला विचारलं, तुमचे यजमान काय करतात? मी म्हटलं, ते आत आहेत. तो बिचारा माझा हात हातात घेऊन म्हणाला, देव त्यांना लवकर सोडवो. तर सिरिल आत होता, आणि आतल्या आत त्याचं काम बॉयलरच्याही आत होतं. बाहेरून पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या खिळ्यावर हातोडा पडायचा आणि हा आतून लोखंडाचा ठोकळा धरून तो मार झेलायचा. चर्चच्या घंटेत बसावं आणि बाहेरून दिवसभर कुणी घंटा वाजवावी, तसं ते. तिशी यायच्या आत त्याचे कान गेले. त्या शेडमधल्या सगळ्यांचेच जायचे. म्हणून ते हातांनी बोलायचे. कुणी शिकवलेली भाषा नव्हे ती, त्यांच्यातच तयार झालेली. मुकादम गोल टोपी घालायचा, तर तो येतोय हे सांगायला डोक्यावर थाप. चहाची खूण वेगळी, क्रेनवाल्यासाठी खुणा वेगळ्या. बायकांना त्या शिकाव्याच लागत, नाहीतर नवऱ्याशी भांडायचं कसं? मी आणि सिरिल जेवणाच्या टेबलावर कडाडून भांडायचो आणि शेजारच्यांना चमचा पडल्याचा आवाज तेवढा यायचा. एक होतं. दिवा मालवला की भांडण मिटायचं, कारण अंधारात पुढचं काही बोलता यायचं नाही.

इतर माणसांचं बोलणं तो ओठांवरून ओळखायचा. आणि नेमका तो आजारी पडला त्या वर्षी सगळ्या जगाने तोंडाला फडकी बांधली.

त्याला हॉस्पिटलात न्यायला आलेल्या माणसांची तोंडं झाकलेली होती. हॉस्पिटलातल्या प्रत्येकाचं तोंड झाकलेलं होतं. मला आत सोडत नव्हते, कुणालाच सोडत नव्हते. शेवटच्या दिवशी एका भल्या नर्सने तिच्या फोनवरून मला त्याचा चेहरा दाखवायचं ठरवलं. जॅनिसने मला फोन धरून दिला. मी दोन्ही हात वर केले, त्याला दिसावेत म्हणून. आणि त्या नर्सने, बिचारीने, माझं बोलणं त्याला ऐकू यावं म्हणून फोन त्याच्या कानाला लावला. मला पडद्यावर त्याचा कान दिसत राहिला. मी ओरडले, फोन समोर धरा, समोर! पण मी रडतेय असंच तिला वाटलं असणार. ती म्हणत होती, बोला, बोला, ते ऐकताहेत.

नंतर तिने मला फोनवर सांगितलं, फार शांत गेले. हात मात्र सारखा हलवत होते, चादर चिवडल्यासारखा.

तो काय म्हणत होता, हे तिला कसं कळणार? आणि ज्या बाईला कळलं असतं, ती घरी बसून एका कानाकडे बघत होती.

त्यानंतर घर विकलं आणि मी जॅनिसकडे समुद्राकाठी राहायला आले. तिथे सगळं बरं आहे. जावई चांगला आहे. नातवंडं माझ्याशी मोठ्या आवाजात आणि सावकाश बोलतात, जणू बहिरी मीच आहे. पण माझ्याशी हातांनी बोलणारं कुणी उरलं नाही. जॅनिसला लहानपणी थोड्या खुणा येत होत्या. चहा, चूप, बाबा चिडलेत, एवढ्याच. त्याही ती विसरली.

मला त्या चौकात जाऊन एकच गोष्ट करायची होती. सिरिलचा हात हातात धरायचा होता. जाताना धरता आला नव्हता, तो.

जॅनिस म्हणाली, रविवारी गाडीतून नेते. मी बरं म्हटलं आणि गुरुवारी एकटीच रेल्वेने गेले.

ब्रॅनफर्थच्या स्टेशनवरून खाली उतरणारा रस्ता ओलांडायला मला पूर्वी खूप वेळ लागायचा. पलीकडे पोचेपर्यंत कुणी ना कुणी थांबवायचीच. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या पायाची नस. त्या दिवशी दिवा हिरवा झाला आणि मी ओलांडला. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. बॉयलरची शेड होती तिथे आता मोठं दुकान आहे आणि त्याच्या गाड्या लावायच्या जागेपुढे तो चौक. कारखान्याच्या फाटकाचे दोन दगडी खांब तेवढे ठेवलेत. त्या खांबांमधून ती सात माणसं बाहेर पडताहेत. ब्राँझची, खऱ्या माणसाएवढी, खाली एक रुळाचा तुकडा.

वसंत सुरू झाला होता, पण वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं.

मी पहिल्यापासून एकेकाचे हात बघत गेले. पहिल्याने डबा धरलेला, बोटं आखूड. दुसऱ्याचे दोन्ही हात खिशात. तिथे त्या बाईने कष्ट वाचवले असणार. तिसरा सायकल ढकलतोय, त्याची बोटं पियानो वाजवणाऱ्यासारखी लांब. चौथा, पाचवा, सहावा, कुणीच नाही. सातवा सगळ्यांत मागे, बाकाला लागून उभा. आणि त्याच्या उजव्या हातावर एका बाईचा हात होता.

ती बाकावर बसली होती. माझ्याच वयाची. पाऊस नसताना डोक्याला प्लॅस्टिकची पावसाळी टोपी बांधलेली, मांडीवर पिशवी. बसची वाट बघताना नवऱ्याचा हात धरून बसावं, तशी निवांत.

"जरा हात काढता का?" मी म्हटलं.

"का बरं?"

"मला बघायचाय."

"बघा की. बघायला कोण नको म्हणतंय? धरायला मात्र रांग आहे."

रांगेत मी एकटीच होते. मी तिच्या शेजारी बसले.

"मेविस," तिने नाव सांगितलं. "आणि हा आमचा क्लिफर्ड. चेहरा नव्हे हं, चेहरा कुणा भलत्याचाच लावलाय, नाक बघा केवढं ते. हात तेवढा क्लिफर्डचा. रेल्वेचे डबे रंगवायच्या शेडमध्ये होता तो. तुमचे कोण आत होते?"

"नवरा. बॉयलरला."

"अगंबाई, बॉयलरवाले!" ती म्हणाली. "आम्ही वरच्या गल्लीत राहायचो. तुमचे लोक दारूच्या गुत्त्यातून बाहेर पडले की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. किती ओरडायचे गं! शुभ रात्री म्हणायला सुद्धा ओरडायचे."

"आणि तुमचे रंगवाले नखं साफ करायला घरी जायचे, असं आमच्याकडे म्हणायचे."

"जायचेच मुळी! क्लिफर्डची नखं माझ्यापेक्षा चांगली होती." ती खूश झाली. "परवा इथे एक शाळकरी पोरगी मास्तरांना विचारत होती, हे कैदी आहेत का? मी म्हटलं, नाही गं बाळे, कैद्यांना लवकर सोडतात."

मग तिने हात उचलला, मला दाखवायला. पुतळ्याच्या बोटांत एक वळलेली सिगरेट खोचलेली होती.

"तो स्वतः वळून ओढायचा," मेविस म्हणाली. "हे बघ ना, तंबाखूचा कागद धरलाय. लोक काहीबाही म्हणतात, पगार मागतोय म्हणतात. म्हणू देत. मी दर गुरुवारी येते आणि एक ठेवून जाते. तो होता तेव्हा मला वळता यायची नाही. आता येते."

मी त्या हाताकडे पाहत होते. अंगठा पहिल्या दोन बोटांवर टेकलेला होता. चोळता चोळता थांबल्यासारखा.

बॉयलरच्या शेडमध्ये हाक मारून उपयोग नव्हता, म्हणून प्रत्येकाला हाताचं एक नाव असायचं. आयझॅक थ्वेट कामावर लागला तेव्हा त्याची दाढ दुखत होती, तर गालाला बोट लावलं की आयझॅक. पुढे त्याने सगळी कवळी बसवली तरी तेच. मी एकोणीस वर्षांची असताना फाटकासमोरच्या पाईच्या, म्हणजे मांस भरून भाजलेल्या कचोऱ्यांच्या, दुकानात होते. दिवसभर पिठात चरबी चोळायची, अंगठ्याने दोन बोटांवर, रव्यासारखी होईतो. रांगेत उभ्या असलेल्या सिरिलने मित्रांना मला दाखवलं, ते असं. अंगठा दोन बोटांवर. ती पाईवाली. लग्नानंतर तेच माझं नाव झालं. रस्त्याच्या पलीकडून तेच, प्रार्थना चालू असताना मागच्या बाकावरून तेच, जॅनिस झाली तेव्हा बाळंतिणींच्या खोलीच्या काचेतून तेच. लोक मला हेटी म्हणतात. सिरिलने मला हेटी अशी हाक कधी मारलीच नाही. तो गेल्यापासून मला माझ्या नावाने कुणी बोलावलेलं नव्हतं.

"काय झालं गं?" मेविस विचारत होती. "पांढरीफटक पडलीस. पेपरमिंट देऊ?"

मी गप्प राहायला हवं होतं, असं आता वाटतं. पण तेव्हा राहवलं नाही.

"हा सिरिलचा हात आहे," मी म्हटलं.

"कोण सिरिल?"

"माझा नवरा."

"बरं," मेविस म्हणाली, लहान मुलाला म्हणावं तसं. "पण आधी मी आलेय ना इथे."

"ते तंबाखू नाहीये. ते माझं नाव आहे."

"तुझं नाव?" तिने त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुझं नाव तंबाखू आहे?"

मी हसले असते एरवी. मी तिला करून दाखवलं, पीठ चोळल्यासारखं. तिला काही कळलं नाही. कळणार कसं? रंगाच्या शेडमध्ये इतकी शांतता असायची की ते लोक काम करता करता गात असत.

"अंगठ्याचं नख बघ," मी म्हटलं. "मधोमध चीर आहे. लग्नाच्या आधी त्यावर हातोडा पडला होता, तेव्हापासून ते दोन फाकांत वाढायचं. दर शनिवारी मीच कापून द्यायचे. बाहेरची फाक जरा वर असेल."

मेविसने दुसऱ्या हाताचाही हातमोजा काढला. अंगठ्यावरून बोट फिरवलं. एकदा, मग परत एकदा, हळू.

"क्लिफर्डची नखं चांगली होती," ती शेवटी म्हणाली.

"हो, म्हणालीस तू."

"म्हणजे एवढे दिवस मी तुझ्या नवऱ्याचा हात धरून बसत होते."

"त्याने तक्रार केली नसती."

"माझ्या नवऱ्याने केली असती ना!" ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. खरंच हसलो, तिच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिचं हसणं थांबलं, पाणी थांबलं नाही.

"दोनदा गेला होता गं तो प्लास्टरला," ती म्हणाली. "पहिल्यांदा साचा फुटला म्हणून परत बोलावलं. मग त्याचा हात गेला कुठे?"

ती उठली. मीही उठले. आम्ही त्या सहा माणसांभोवती फिरलो. मेविस प्रत्येकाच्या हाताला हात लावून बघत होती, बाजारात पाव दाबून बघावा तशी. सायकलवाल्यापाशी थांबली, पण त्याची बोटं बघून मान हलवली. खिशात हात घातलेल्यापाशी ती सगळ्यांत जास्त वेळ उभी राहिली. त्याच्या खिशात बोट घालून पाहिलं. आत हात नव्हता. ब्राँझ तिथेच संपत होतं.

"कान घेतला असेल त्याचा," मी म्हटलं. काहीतरी म्हणायचं म्हणून. "नाहीतर खांदे."

"कान धरून बसू का चौकात?" मेविस म्हणाली.

कान म्हणजे काय, ते मला माहीत होतं.

आम्ही बाकापाशी परत आलो. ती बसली नाही. तिने पुतळ्याच्या बोटांतली सिगरेट काढली, रुमालात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

"राहू दे ना," मी म्हटलं. "बस. तू धर, सिरिलला चालेल."

"परक्या बाप्याचा हात धरून चौकात बसू?" ती ताठ उभी राहिली. "आणि तोही बॉयलरवाल्याचा? वरच्या गल्लीतली एक जरी जिवंत असती ना, तर काय म्हणाली असती!"

मग तिने टोपीची नाडी नीट बांधली आणि म्हणाली, "तुझं सापडलं ते बरं झालं हो." ती मनापासून म्हणाली, म्हणून मला जास्त लागलं. आणि रस्त्यापलीकडच्या बसथांब्याकडे चालू लागली.

मी एकटी राहिले. ज्यासाठी आले होते ते आता करायचं होतं. मी माझा हात त्याच्या हातात घालायला गेले आणि तो जाईना. बोटं मिटलेली होती. अंगठा त्यांच्यावर घट्ट टेकलेला. माझं नाव घेताना त्याने माझ्या बोटांना जागाच ठेवली नव्हती. मी करंगळीकडून प्रयत्न केला, मनगटाकडून केला. शेवटी बाकावर बसून मेविस ठेवत होती तसा वरून हात ठेवला.

हॉस्पिटलात तो हेच म्हणत होता, असं मी म्हणणार नाही. ते मला माहीत नाही, आणि आता कळायचं नाही. पण त्या प्लास्टरवाल्या बाईसमोर बसून, काय धरायचं ते धरा असं ती म्हणाल्यावर, त्याने हे म्हटलं होतं. एवढं मला सातजणांच्या चौकात लिहून मिळालं, आणि ते वाचता येणारं माणूस ब्रॅनफर्थमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

मग माझ्या लक्षात आलं की हात गरम आहे. वाऱ्यात उभं असलेलं ब्राँझ, बाकीचे सहा बर्फासारखे होते, मी हात लावून पाहिलं होतं. हा एक गरम होता. अंगठ्याच्या मुळाशी तर जास्तच, जिथे तिचा तळवा टेकत होता.

मी उठले. काठी विसरले, परत घेतली. मेविस थांब्यावर पोचली होती आणि वळणावरून बस येत होती. मला तिला सांगायचं होतं की पुढच्या गुरुवारी ये. सिगरेट आण. तू धर, मी शेजारी बसेन. त्या बॉयलरवाल्यांना नावं ठेव, मी रंगवाल्यांना ठेवीन.

मधून गाड्या जात होत्या. दुसऱ्या कुणीही हाक मारली असती. पण सगळं आयुष्य बहिऱ्या माणसाबरोबर काढलेल्या बाईचा आवाज वेळेवर येत नाही, हात आधी वर जातो. माझा गेला. तळवा पुढे, उंच, आणि दोनदा इकडून तिकडे. बॉयलरच्या शेडमध्ये वरच्या क्रेनवाल्याला हे दाखवलं की तो जिथे असेल तिथे थांबायचा. डोक्यावर वीस टन लोंबकळत असलं तरी थांबायचा.

मेविसने वळून पाहिलं. मी परत केलं, जोरात. थांब. थांब.

तिचा चेहरा उजळला. तिनेही हातमोजा घातलेला हात उंच केला आणि माझ्याकडे बघून तसाच हलवला, दोनदा इकडून तिकडे. आणि बसमध्ये चढली.

बस समोरून गेली तेव्हा ती खिडकीशी बसली होती आणि अजून हात हलवत होती. माझाही हात वरच होता. ती कोणत्या गल्लीत राहते, तिचं आडनाव काय, मी काहीच विचारलेलं नव्हतं.